ते आलंच त्यात

१९९४ साल. त्या वर्षी रमजान ईद मार्चात आली होती आणि माझा धाकटा भाऊ इसहाक मस्कतहून दोन महिन्यांच्या रजेवर घरी आला होता. ईद होऊन दहाएक दिवस झाले असतील. दुपारी मी शाळेतून आले, तर माझी भावजय मैमूना माझ्या टेबलाशी उभी होती. माझं शाईचं पेन तिनं धुऊन, भरून ठेवलं होतं. शेजारी कोरे कागद आणि एक लांब पाकीट.

"आपा, एक पत्र लिहून द्याल?"

"कुणाला?"

"मदरशातल्या मुफ्तीसाहेबांना."

मी चपला काढता काढता थांबले. पडवीत अम्मा सुका जवळा निवडत बसली होती. मैमूनानं मधलं दार लोटून घेतलं.

"मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. माझ्या नळ्या बंद आहेत. औषधानं उघडायच्या नाहीत. पण ते दुसरं करता येतं. बाहेर तयार करून आत ठेवायचं."

तिचं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत इसहाक दर दोन वर्षांनी दोन महिने यायचा. म्हणजे नवरा म्हणून तो तिच्या वाट्याला किती आला, याचा हिशेब कुणी करत नसे. मूल का नाही, हे मात्र सगळा मोहल्ला विचारायचा.

"मग करा ना," मी म्हटलं. "मला काय विचारतेस?"

"ते म्हणतात, जायज आहे का ते आधी विचारू. नाजायज असेल तर नको."

"ते" म्हणजे इसहाक. नवऱ्याचं नाव ती घेत नसे.

"इथल्या मशिदीतल्या पेशइमामांना विचारा."

"आपा!" मैमूना लाजून हसली. "ते तर तुमच्या शाळेतल्या पोरासारखे दिसतात. त्यांना विचारायचं? आणि उद्या सकाळी नळावर सगळ्यांना कळायचं."

ते खरं होतं. आमचं गाव दाभोळच्या खाडीला लागून. घरटी एक तरी माणूस आखातात नाहीतर बोटीवर. गावात राहिलेल्यांना दुसऱ्याच्या घरातलं जाणून घेण्याखेरीज फारसं काम नसायचं.

पत्र माझ्याकडूनच लिहून घेणार, यातही नवल नव्हतं. माझं लग्न दोन वर्षांतच मोडलं. मी माहेरी आले, डी.एड. केलं आणि गावातल्या उर्दू शाळेत लागले. तेव्हापासून अख्ख्या मोहल्ल्याची पत्रं मी लिहिली. मस्कत, कुवेतची पत्रं, निकाहाच्या आमंत्रणाचे रुक्के, सरकारी अर्ज. माझी उर्दू साफ होती, आणि ती साफ आहे हे मला माहीत होतं. मुलांच्या वहीत अक्षरावरचा एक नुक्ता, एवढंसं टिंब, राहिला, तरी मी तो शब्द दहादा लिहायला लावायची. सफूरा मास्तरीण डोळे मिटून नुक्ता शोधते, असं पोरं म्हणायची.

मैमूना मंडणगडाकडची. तिच्या गावात फक्त मराठी शाळा होती. दहावी पास होती ती. आमच्याकडे मराठी पेपर यायचा, तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. कुराणही रोज पढायची. पण ते छापील, जेर-जबर म्हणजे स्वरांच्या खुणा लावलेलं. हातानं भराभर लिहिलेली उर्दू तिला वाचता येत नसे. इसहाकही सातवीपर्यंत मराठीतच शिकलेला. म्हणजे घरात उर्दू येणारी मी एकटीच.

मी बसले. तिनं कॅलेंडरचं एक फाडलेलं पान पुढे केलं. त्याच्या पाठीवर तिनं डॉक्टरीणबाईंचं बोलणं मराठीत टिपून आणलं होतं. बायकोचं बीज काढायचं. नवऱ्याचं घ्यायचं. दोन्ही काचेच्या बशीत एकत्र. दोन-तीन दिवसांनी बायकोच्या पोटात. सगळं अगदी बाराखडीसारखं स्वच्छ.

मी "बाद सलाम मसनून" हा मायना लिहिला, आणि पेन थांबलं.

त्या गोष्टींना उर्दूत शब्द आहेत. मला ठाऊक होते. धर्माच्या पुस्तकांत ते उघड लिहिलेले असतात आणि मी ते वाचलेले होते. पण एका अनोळखी बुजुर्गाला, मी, एका बाईनं, स्वतःच्या धाकट्या भावाबद्दल ते शब्द लिहायचे? ज्याचं नाक मी पुसलं होतं, त्याच्याबद्दल? माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"काय झालं, आपा?"

"काही नाही. नीट मांडायला हवं."

मी मांडलं. नीट, अदबीनं, एकही उघडावाघडा शब्द न येऊ देता. त्याचा मराठीत अर्थ असा होत होता: एका जोडप्याला अपत्य नाही. डॉक्टरांचं म्हणणं, बाहेरून बीज आणून पत्नीच्या ठायी ठेवल्यास उमेद आहे. असं करणं जायज आहे काय?

बाहेर तयार केलेलं, हे म्हणताना काय तयार केलेलं, कुणाचं, कसं, हे सगळं आलं असतं. "बाहेरून" या एका शब्दात मी ते झाकून टाकलं. मला तेव्हा ते फार नाजूक जमलंय असं वाटलं.

मैमूना माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत होती.

"आपा, दोघांचंच आहे, हे लिहिलंत ना? माझं आणि ह्यांचं. तिसऱ्या कुणाचं नाही. डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, तुमच्या लोकांना हे नक्की सांगा."

"ते आलंच त्यात," मी म्हटलं.

"नक्की?"

"मला उर्दू शिकवतेस आता?"

ती हसली. पाकिटाला थुंकी न लावता पाणी लावून तिनं ते चिकटवलं, कपाळाला लावलं आणि पदराखाली धरून पोस्टात टाकून आली.

मग वाट बघणं सुरू झालं. मदरसा लांब होता, पत्राला जाऊन यायला पंधरा-वीस दिवस लागायचे. मैमूनानं सगळं बोटावर बसवलं होतं. मला एकटं गाठून सांगायची.

"माझी तारीख चौदा-पंधरा एप्रिलला. दुसऱ्या दिवसापासून सुया. मग पंधरा दिवसांत होतं सगळं. ह्यांची रजा पाच मेपर्यंत. बसतंय, आपा. तेराच्या आत जवाब आला तर बसतंय."

अम्माच्या कानावर गेलंच. तिला इसहाकनंच सांगितलं. ती संतापली नाही, पण तिची जीभ काही गप्प बसेना.

"बरणीत घालून मूल करायला ते काय लोणचं आहे?"

"अम्मा, बरणी नाही, बशी," इसहाक म्हणाला.

"मग सांदण म्हण. वाफेवर ठेवणार आहेत काय?"

मैमूना तोंडाला पदर लावून हसली. इसहाकही हसला. त्या महिन्यात आमच्या घरात हसू खूप होतं. इसहाक संध्याकाळी पडवीत बसून तिला मस्कतच्या गोष्टी सांगायचा, आणि ती भाकऱ्या थापता थापता आतून "मग?" "मग?" करायची. एकदा मी त्याला माळ्यावरून आमचा जुना पाळणा काढताना पाहिलं. त्यानं कड्यांना तेल लावलं, गंज पुसला आणि मला बघून पुन्हा वर ठेवून दिला.

"कड्या बघत होतो फक्त," तो म्हणाला.

जवाब अकरा एप्रिलला आला. रविवार नव्हता, पण शाळेच्या परीक्षा संपल्या होत्या म्हणून मी घरी होते. नेमके त्या वेळी हसनमामू पडवीत चहा पीत बसलेले. हसनमामू अम्माचे चुलतभाऊ आणि आमच्या जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण पोस्टमननं हातात ठेवलेल्या पाकिटावरचा मोठा हिरवा शिक्का त्यांना दिसला.

"मदरशाचं पत्र? कसला मसला विचारलात गो?"

इसहाक चुळबुळला. अम्मा म्हणाली, "मामूपासून काय लपवायचं? वाच गो सफूरा."

"वाच, वाच," मामू म्हणाले. "सफूराच्या तोंडून उर्दू ऐकायची म्हणजे शाही मशिदीत बसल्यासारखं वाटतं."

मैमूना दारात येऊन उभी राहिली. तिचे हात पिठाचे होते.

माझंच पत्र परत आलं होतं. ती पद्धतच असते. प्रश्नाच्या खालीच जवाब लिहितात, म्हणजे कुणी एकाला दुसऱ्यापासून तोडू नये. माझ्या सुबक अक्षराखाली मुफ्तीसाहेबांचं बारीक, घाईचं अक्षर. मी मनात सगळं वाचलं. मग घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचलं. विचारलेल्या सूरतीत हे जायज नाही. परक्याचं बीज पत्नीच्या ठायी ठेवण्यानं नसब, म्हणजे वंश, बिघडतो, आणि नसबाची हिफाजत फर्ज आहे. मूल देणं न देणं अल्लाच्या हाती आहे. जोडप्यानं सब्र करावा.

मामूंनी बशी खाली ठेवली.

"परक्याचं?" मैमूना म्हणाली. "परक्याचं कुठे आहे?"

"ते असं लिहितात," मी म्हटलं. "फिकहची, धर्मशास्त्राची भाषा असते. शरीराबाहेर गेलं की ते परकं."

हे मी कुठून आणलं, मला आजही सांगता येणार नाही. पण ठासून म्हटलं. मामूंनी मान डोलावली. मास्तरीण म्हणते म्हणजे असणारच.

"आपा, खाली अजून लिहिलंय," मैमूना म्हणाली. ती दारातून पुढे आली होती आणि कागदाकडे बोट करत होती. पिठाचा एक कण कागदावर पडला. "पाच-सहा ओळी आहेत खाली."

"दुआ आहे. आणि शेवटचं नेहमीचं वल्लाहु आलम, दस्तखत, तारीख."

"एवढी मोठी दुआ?"

"मैमूना," अम्मा म्हणाली, "आता पुरे कर, बाय."

मी कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, पेशइमामांना एकदा दाखवू का? मी म्हटलं, शरम नाही वाटत? ती गेली. इसहाकला मी विहिरीवर गाठलं. "वाईट वाटून घेऊ नको," म्हटलं. तो कळशीत बघत म्हणाला, "विचारलं नसतं, तर गोष्ट वेगळी होती, आपा. विचारलं. आता जवाब आला, तो मोडता येत नाही." त्यानं तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि मैमूनाला दिला. तुझ्याकडे राहू दे, म्हणाला. का, ते त्यालाच माहीत.

चौदा तारीख आली आणि गेली. पाच मेला तो गेला. ST निघताना खिडकीतून हात काढून म्हणाला, "पुढच्या खेपेला बघू काहीतरी." मैमूनानं मान हलवली.

पुढची खेप झाली नाही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, मस्कतला, कंपनीच्या खोलीत झोपेतच तो गेला. छातीत दुखतंय म्हणून लवकर आडवा झाला होता, एवढंच त्याच्या खोलीतल्या मित्रानं कळवलं. चौतीस वर्षांचा होता. तिथेच दफन केलं.

मैमूना इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. पहिले काही दिवस ती नुसती नमाजाच्या जानमाजवर बसून असायची. मग एका दुपारी माझ्याकडे आली.

"आपा, मला उर्दू शिकवा. दिवस जात नाही. दुआची किताब तरी माझी मला वाचता येईल."

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर, हलकं वाटलं. तिच्यासाठी काहीतरी करता येत होतं. मी शाळेतून चौथीची वही आणली, रेघा आखून दिल्या. कुराणामुळे अलिफ-बेचे हरफ तिला येतच होते. जेर-जबर नसताना शब्द ओळखायचा, एवढंच शिकायचं होतं. ती झपाट्यानं शिकली. रोज दुपारी मी दोन ओळी घालून द्यायची. ती त्याखाली उतरवून माझ्या टेबलावर वही ठेवायची. मी लाल पेननं तपासायची. राहिलेला नुक्ता दिसला की गोल करायची. ती म्हणायची, "तुम्ही खरंच डोळे मिटून शोधता."

तिनं ट्रंकेत जपून ठेवलेला मुफ्तीसाहेबांचा तो कागद ती वाचेल, हे माझ्या मनात आलं नाही का? आलं. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात आलं. पण आता थांब म्हणायला कारण काय सांगणार होते?

इद्दत संपायला पाच दिवस होते. जूनचा महिना. मी शाळेतून आले, तर वही नेहमीसारखी टेबलावर. मी त्या दिवशी काही घालून दिलं नव्हतं. उघडली. मैमूनाच्या नव्या, गोल, जपून काढलेल्या अक्षरात उर्दूत सहा ओळी होत्या, त्या कागदाच्या तळच्या.

"मात्र सायलच्या इबारतीवरून, म्हणजे विचारणाऱ्याच्या मजकुरावरून, हे साफ होत नाही की बीज कुणाचं आहे. जर ते जौजैनचंच, म्हणजे याच नवरा-बायकोचं असेल, निकाह कायम असताना ठेवलं जाणार असेल आणि दुसरा इलाज उरला नसेल, तर हुकूम वेगळा आहे आणि गुंजाइश आहे. मेहरबानी करून सवाल साफ शब्दांत पुन्हा लिहावा, किंवा वर दिलेल्या नंबरवर विचारावा. मामला नाजूक आहे, शरम करू नये."

तो नंबर मी अकरा एप्रिललाही पाहिला होता. पाकिटावर आणि कागदाच्या माथ्यावर, दोन्हीकडे मदरशाच्या शिक्क्यात उमटलेला. गावात STD बूथ होता, आमच्या घरापासून चार घरं सोडून. तेव्हा माझ्या मनात एकच आलं होतं. मामू बसलेत, अम्मा बसलीय, आणि मी वाचणार की सवाल चुकीचा लिहिला म्हणून? सफूरा मास्तरणीनं? नंतर एकटी असताना सांगू, असं ठरवलं. मग चौदा तारीख गेली. मग रजा संपली. मग म्हटलं, पुढच्या खेपेला. निकाह कायम असताना, असं त्यात लिहिलं होतं. निकाहाला किती दिवस उरले होते, हे कुणाला ठाऊक?

मी वही घेऊन किती वेळ बसले होते, माहीत नाही. आतून मैमूनाच्या चुलीचा आवाज येत होता. मला उठून जाता आलं असतं. तिच्यापुढे बसून तिचे पाय धरता आले असते.

मी लाल पेनचं टोपण काढलं. तिसऱ्या ओळीत "जौजैन" या शब्दात पहिल्या अक्षरावरचा नुक्ता राहिला होता. मी तो दिला, त्याला गोल केला, आणि खाली नेहमीची सही केली.

वही तिच्या चुलीपाशी नेऊन ठेवली. तिनं हात पुसले, उघडली, बघितलं. रागावली नाही. रडलीही नाही. बोट त्या लाल गोलावर ठेवून म्हणाली,

"हा एवढा दिसला तुम्हाला, आपा."

पाच दिवसांनी तिचा भाऊ रिक्षा घेऊन आला. जाताना ती अम्माच्या गळ्यात पडली, माझ्या हातात हात दिला. कागद घेऊन गेली. वही चुलीशेजारच्या फळीवर ठेवून गेली.

हसनमामूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच वर्षी झालं, आणि नंतर नव्या नजरेनं ते दहा वर्षं जगले. अम्मा ९९ साली गेली. शेवटी शेवटी ती मला मैमूना म्हणून हाक मारायची आणि पाळणा खाली काढला का विचारायची. पाळणा मी हसनमामूंच्या नातसुनेला दिला. मुफ्तीसाहेबांना मी कधी भेटले नाही. त्यांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं होतं, आणि वर न विचारलेलंही. त्यांच्यावर कसलाच ठपका ठेवता येत नाही.

मैमूनानं पुन्हा लग्न केलं नाही. मराठी दहावीवर तिला अंगणवाडीत नोकरी लागली, तीस वर्षं केली, मागच्या वर्षी निवृत्त झाली. तिच्या गावात आता बाप झालेले पोरगेसुद्धा तिला बाय म्हणून हाक मारतात, असं ऐकते. दर ईदला तिचा फोन येतो. तब्येत विचारते, शुगर विचारते. त्या कागदाबद्दल ती कधी बोलली नाही. मीही नाही.

मी बहात्तर वर्षांची आहे. पत्रं आता कुणी लिहून घेत नाही. वही माझ्याकडे आहे. जन्मभर लिहिलं ते उर्दूत लिहिलं, पण हे मराठीत लिहिलं आहे, आणि उद्या तिच्या पत्त्यावर टाकणार आहे. हे तरी तिला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला लागू नये.